काठ्यांना गुंडाळलेलं कापड

९ जानेवारी

थोरल्या,

तू जिवंत आहेस असं धरून हे पत्र सांगते आहे. नसलास तर उत्तर पाठवू नकोस, मी समजून घेईन.

अक्षर बघून चक्रावू नकोस, ते माझं नाही. मला अजून एक अक्षर येत नाही, आणि आता शिकून कुठे नोकरीला लागायचंय? शेजारची शिंपीण लिहिते आहे. दुपारी तिची मशीन तापते, मग ती मशीनला आणि मला दोघींनाही गार व्हायला बसवते. मी बोलेन तसंच लिही, सुधारू नकोस, असं बजावलंय. तरी मध्येच तिचा हात थांबतो आणि ती म्हणते, "आजी, असं कुणी लेकाला लिहितं का?" हेसुद्धा लिही म्हटलं मी.

बातमी अशी की धाकट्याने अखेर ठरवलं. मास्तरकी सोडली. डोंगरांच्या पलीकडे, जिथे रस्ता संपतो आणि नंतर पायवाटही संपते, तिथल्या माणसांत जाऊन राहायचं आणि त्यांना प्रभूची गोष्ट सांगायची. एकट्याने नाही, सहकुटुंब. तो, सून आणि भिंगरी. भिंगरी तुला ठाऊक नाही. तू गेलास तेव्हा ती पोटातही नव्हती. तुझी पुतणी, आठ वर्षांची. एका जागी उभी राहत नाही म्हणून मी भिंगरी म्हणते.

ती पलीकडची माणसं परक्याला बघितलं की आधी भाला फेकतात, मग विचारपूस करतात. सुनेचा भाऊ असाच गेला, तिथल्या नदीच्या काठी, औषधांची पेटी डोक्यावर घेऊन. सून दवाखान्यात परिचारिका आहे, आवाज चढवत नाही, हलत नाही, ढळत नाही. ती म्हणते, "ज्यांनी माझ्या भावाला मारलं, त्यांच्या लेकरांचा ताप मला उतरवायचाय."

मी म्हटलं, "त्यांनी बोलावलंय का गं? शेजारणीकडे सुई मागायला जायचं तरी आपण दारातून हाक मारतो."

"आई, हाक मारायलाच चाललोय," म्हणाली. तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकले नाही.

घर मिशनचं आहे. ते गेले की मला मिशनच्या वृद्धाश्रमात एक खाट मिळणार. तिथे लेकरं चालत नाहीत, म्हातारी माणसं दचकतात म्हणे. मी म्हटलं, मला दचकायला आवडतं. कुणी ऐकलं नाही.

तुम्ही दोघं भाऊ शेवटचे भेटलात ते तुमच्या बापाला मातीत ठेवून आलो त्या दिवशी. धाकटा म्हणाला, "मी बाबांना क्षमा केली," आणि तू त्याचे पुढचे दोन दात पाडून निघून गेलास. मला दोघांचंही कळतं. बापाने दोघांनाही सारखंच झोडपलं. एकाने ठरवलं, जन्मात हात उचलायचा नाही. दुसऱ्याने ठरवलं, आपण आधी उचलायचा. कवळी छान बसली आहे त्याला, काळजी नसावी.

तुझी आई


२ फेब्रुवारी

थोरल्या,

मला वाटलं होतं, मिशनची तयारी म्हणजे प्रार्थना, गाणी, त्या लोकांच्या भाषेतले चार शब्द आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्या. तेही आहे. पण रोज संध्याकाळी चहा झाला की मागच्या अंगणात मार खायचा सराव असतो.

शिंपीण हसते आहे. तिने डोळ्यांनी पाहिलंय, तिलाच विचार.

सराव घेणारा माणूस त्या लोकांत राहून परत आलेला आहे. डाव्या हाताची तीन बोटं मात्र तिथेच राहिली. पूर्वी फौजेत होता, म्हणून मी त्याला कवायत म्हणते. तोंडावर म्हणते. पहिल्याच दिवशी त्याने मला नियम समजावून सांगितला. पाहुण्याने हात उचलला, नुसता आडवा धरला तरी, तो लढायला आलाय असं ते लोक धरतात आणि अख्ख्या घरादाराला मारतात. गुडघे टेकून, हात छातीशी जोडून, न हलता, न ओरडता मार खाल्ला तर कधीकधी थांबतात.

"कधीकधी?" मी विचारलं.

"मी थांबलेले पाहिलेत, आजी."

"आणि न थांबलेले?"

"ते ज्यांनी पाहिलं, ते परत आले नाहीत."

खोटं बोलणारा माणूस नाही तो, एवढं मला तेव्हाच कळलं. तेच वाईट झालं.

मारायला चर्चच्या मंडळीतले दोन हमाल येतात. रविवारी उपासनेत धाकट्याच्या शेजारी उभे राहून गातात आणि सोमवारी त्याच्या पाठीत काठी घालतात. काठ्यांना शिंपिणीने जुन्या घोंगडीचं कापड गुंडाळून शिवून दिलंय, हाड मोडू नये म्हणून. पहिले काही दिवस नुसता तमाशा होता. एक हमाल काठी हाणायचा आणि लगेच वाकून विचारायचा, "लागलं का हो मास्तर?" कवायत ओरडायचा, "माफी मागत मारू नका!" मी खाटेवर पोट धरून हसत होते.

मग त्यांना सवय झाली. सवय झाली की माणूस चांगलं मारतो. आता धाकट्याची पाठ जांभळी आहे आणि सुनेच्या मानेवर वळ आहेत. कवायतीने शिटी वाजवली की संपलं. हमाल हात धुतात, सून त्यांना चहा देते, आणि सगळे मिळून प्रार्थना करतात.

पहिल्या दिवशी भिंगरी किंचाळली तेव्हा सगळी गल्ली धावून आली होती. लोहार हातोडा घेऊन, शिंपीण कात्री घेऊन. धाकट्याने सगळ्यांना बसवलं, समजावलं, खाऊ घातलं. आता कुणी येत नाही. किंचाळी ऐकू आली की बाया म्हणतात, मास्तरांकडे सुरू झालं, दिवे लावा.

आणि भिंगरी आता किंचाळत नाही. सगळ्यांत लवकर तीच शिकली. कवायत म्हणाला, "मोठ्या माणसाच्या अंगात विरोध मुरलेला असतो. पोर कोरं असतं." तिची पाठ थोपटताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला पोरंबाळं नाहीत.

तू काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, शिंपीण वाचून दाखवेल. ती लाजते, पण वाचते.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

थोरल्या,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, "त्याला सांग, उरलेले दात सांभाळ." याला मदत म्हणत नाहीत बाबा. पण जिवंत आहेस हे कळलं, आणि अक्षर तुझं बापासारखं आहे असं शिंपीण म्हणाली. बापाचं अक्षर तिने कुठे पाहिलं, ते मी विचारलं नाही.

आज धाकटा मिशनच्या कार्यालयात गेलाय, म्हणून मोकळेपणी सांगते.

परवा वाऱ्याने स्वयंपाकघराचं दार आपटलं. आपटण्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी दोनदा हाक मारली, भिंगरी, काय पडलं गं? उत्तर नाही. काठी टेकत जाऊन बघते तर पोर दाराशी उभी. बोटं दाराच्या फटीत, नखाखालून रक्त गळतंय, दुसरा हात छातीशी. तोंडातून हूं नाही की चूं नाही. नजर बापावर. तो पलीकडे ट्रंकेत पुस्तकं रचत होता, पाठमोरा. शिटीची वाट बघत होती ती, थोरल्या.

मी दार ढकललं. दोन नखं गेली. धाकट्याने बोटं पुसली, मलम लावलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेऊन म्हणाला, "शाब्बास."

मी म्हटलं, "शाब्बास कुणाला? दाराला?"

तो हसला. तुझ्यावर चिडता तरी यायचं, तू भांडायचास. याच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं आहे.

त्याला मी साधं सांगितलं, "पोरीला ठेवून जा. तुम्ही दोघं जा, मरा, संत व्हा, पण तिला ठेवा." त्यावर म्हणाला, लेकरू बरोबर असलं की ती माणसं ओळखतात, हे लढायला आलेले नाहीत. म्हणजे बघ, पोर काही लेकरू म्हणून न्यायचं नाही, पांढरं निशाण म्हणून न्यायचं.

कवायतीने सांगून ठेवलंय की एक दिवस न कळवता अनोळखी माणसं पाठवीन, ती खरी परीक्षा. तेव्हापासून घरात भांडं वाजलं तरी तिघं गुडघे टेकायला तयार.

तू कुठे राहतोस, जागा किती आहे, शाळा जवळ आहे का, एवढं कळव. का विचारते ते विचारू नकोस.

तुझी आई


११ मार्च

थोरल्या,

शिंपीण म्हणते, आज राहू दे आजी, तुमचा हात थरथरतोय. मी म्हटलं, लिहायचं तुला आहे, माझा हात थरथरला तर कुणाचं अक्षर बिघडतंय?

परवा संध्याकाळी, चहा झाला होता, सराव सुरू व्हायचा होता. मी खाटेवर बसून खोकल्यासाठी मिरी कुटत होते. मागच्या भिंतीवरून दोन माणसं आत उतरली. तोंडाला फडकी बांधलेली, हातात काठ्या. मंडळीतली नव्हती.

धाकटा म्हणाला, "बसा." तिघं एका ओळीत बसली. मीही म्हटलं, आली कवायतीची परीक्षा. आणि मिरी कुटत राहिले. हो, तेवढा वेळ मी कुटत होते.

एकाने विचारलं, "औषधांची पेटी कुठाय? पैसा कुठाय?" धाकटा बोलला नाही, सरावात बोलायचं नसतं. त्या माणसाने त्याच्या तोंडावर लाथ घातली. कवळी अंगणात उडाली. मग सुनेला विचारलं. ती हात जोडून बसली होती. काठी तिच्या कोपरावर पडली आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. काठीला कापड नव्हतं, थोरल्या. नुसतं लाकूड.

मी ओरडले. जेवढा घसा आहे तेवढी ओरडले. गल्लीत दिवे लागले.

इथे शिंपीण थांबली आहे. रडते आहे. तिने ऐकलं होतं. ती बाही शिवत होती, आणि तिने दिवा लावला. मी तिला म्हटलं, बाई, हेही लिही, आणि पुढे चल. गल्लीतल्या एकाही माणसाचा दोष नाही.

दुसऱ्याने भिंगरीला केसांनी धरलं. तिच्या कानशिलात मारली. पुन्हा मारली. विचारायचा, पेटी कुठाय, आणि मारायचा. ती बोलेना, रडेना, हलेना, म्हणून तो आणखी पिसाळला. त्याला वाटलं असेल, ही पोर आपल्याला हसते आहे. तिच्या कानातून रक्त आलं. आणि ती बापाकडे बघत होती. बाप तिच्याकडे बघत होता. हात छातीशी, तोंडातून रक्त, डोळे अगदी शांत.

मी उठले. काठी सापडेना म्हणून भिंतीला धरून गेले. हातात बत्ता होता तो तसाच होता. त्या माणसाची पाठ माझ्याकडे होती. डोक्याच्या मागे, जिथे मान सुरू होते तिथे, मी मारलं. तो गुडघ्यावर आला. मग तो माझ्या उंचीचा झाला, मग सोपं गेलं.

दुसरा पळाला. भिंत चढताना त्याचा जोडा आमच्या अंगणात राहिला.

फौजदार आला होता. भला माणूस. "आजी, किती वेळा मारलं?" मी म्हटलं, "मोजायला कुठे शिकले मी?" त्याने खाली बघून काहीतरी लिहिलं.

सगळे गेल्यावर मी धाकट्याला विचारलं, "तुला कधी कळलं, हे कवायतीचे नाहीत?"

"पहिल्याच लाथेला, आई."

"मग?"

"मग काय? तोच तर खरा प्रसंग होता." त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच्याकडे बघवेना. "आम्ही तिघांनीही हात उचलला नाही. भिंगरीनेसुद्धा."

तुझी आई


२४ मार्च

थोरल्या,

तो माणूस मेला. फौजदाराने घरात शिरलेल्या चोराला मारलं असं लिहून कागद मिटवले, मला नेलं नाही. सुनेच्याच दवाखान्यात होता. ती मोडका हात गळ्यात बांधून त्याच्या उशाशी बसायची, दुसऱ्या हाताने त्याचे ओठ ओले करायची. शुद्धीवर आलाच नाही. मला वाटत होतं, ती मला काही बोलेल. बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, त्याचे पाय थंड होते, मी तुमचे मोजे नेले होते." मी म्हटलं, बरं केलंस.

काल त्याची आई फाटकाशी आली. माझ्याहून लहान, पण वाकलेली. मी काठी टेकत बाहेर गेले. तिने विचारलं, "तूच का?" मी म्हटलं, मीच. तिने मला मारायला सुरुवात केली. आधी हाताने, मग पायातली चप्पल काढून. धाकटा धावत आला तर मी त्याला म्हटलं, तू आत हो, तुझा सराव झालाय. मी हात जोडले नाहीत, ते मला जमत नाही. नुसती फाटकाला धरून उभी राहिले. तिचा दम सरला तेव्हा ती तिथेच खाली बसली आणि मीही बसले. दोघी म्हाताऱ्या रस्त्यावर. मग तिला कुणीतरी घेऊन गेलं.

याहून जास्त मला त्याबद्दल सांगायचं नाही. शिंपिणीला म्हटलं, ओळ सोड.

मिशनच्या समितीचे लोक मात्र खूश आहेत, कोणाला पाठवायचं ते हेच ठरवतात. अध्यक्ष स्वतः आले, चष्मा पुसत. म्हणाले, अशी कसोटी आजवर कुठल्या कुटुंबाने दिली नसेल. पुढच्या महिन्याअखेर मंडळीच्या सभागृहात सगळ्यांसमोर एक शेवटचा सराव, मग आशीर्वाद, मग रवानगी. जाताना अध्यक्ष मला म्हणाले, "आजी, तुमच्यासाठीही प्रार्थना करू." मी म्हटलं, करा, पण आधी नातीच्या कानासाठी करा. उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही आता.

शाळेतून चिठ्ठी आली. वर्गातल्या एका मुलीने कात्रीने भिंगरीची वेणी कापली. सावकाश, अख्खा तास. ही बसून राहिली. बाईंनी विचारलं, ओरडली का नाहीस? ही म्हणाली, शिटी झाली नव्हती.

थोरल्या, तुझं दुसरं कार्ड मिळालं. एक खोली, शाळा पलीकडच्या रस्त्याला, आणि तू गोदीत ओझी उचलतोस. पुरे झालं. पण "त्याला फोडायला येतो" असं खाली लिहिलंयस, ते खोडून टाक. तू आलास आणि भावाला बडवलंस तर तो हात जोडून बसेल, पोर बघेल, आणि तिची आणखी एक शिकवणी होईल. मी बोलावेपर्यंत येऊ नकोस.

मला एक सुचलंय. नियम समितीचाच आहे, अध्यक्ष जाताना बोलून गेले. जो हात उचलतो, तो जात नाही.

तुझी आई


९ एप्रिल

थोरल्या,

हे पत्र तुझ्यापाशीच ठेव.

दुपारी धाकटा आणि सून समितीत असतात. तेव्हा मी भिंगरीला खाटेसमोर उभी करते आणि म्हणते, "मला मार."

पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकून बसली, तिला वाटलं मीच मारणार. मी म्हटलं, ऊठ, ऊठ गं बाई, आज उलटं आहे. तिला उलटं कळेना. आठवडाभर नुसती हात छातीशी. मी चिडवलं, चिमटे काढले, तिच्या बाहुलीला खिडकीतून फेकलं. शिंपीण बाहेर होती, तिने झेलली. माझ्या सुनेबद्दलही वाटेल ते बोलले. देव ऐकत असेल तर त्याने सुनेला सांगू नये.

मग एकदा तिने माझ्या दंडाला हात लावला. लावलाच म्हणायचा. मी म्हटलं, "हे काय, माशी बसली का?" तिने पुन्हा लावला. "डास चावला वाटतं." तिच्या ओठाचा कोपरा हलला. महिन्यात पहिल्यांदा हलला. मग तिने चापट मारली, खरी, आवाज आला, आणि स्वतःच दचकून बापाला शोधायला लागली. बाप नव्हता. शिटीही नव्हती. मी होते, मी म्हटलं, "शाब्बास."

आता ती चांगली मारते. पोटात मारते, तिथे समोरचा वाकतो हे मी दाखवलं. वाकला की डोकं नाकावर घालायचं, हेही दाखवलं. तुम्हा दोघांचा बाप काही मला रिकाम्या हाती सोडून गेला नाही. काल तिने माझ्या गालावर बुक्की घातली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. शिंपीण मध्ये पडली, म्हणाली, "आजी, मारून टाकेल ती तुम्हाला!" मी म्हटलं, "मरू दे, पण तिला थांबवू नकोस."

एक सांगते. तिला थांबता येत नाही. सुरू झाली की दात आवळून मारत राहते, डोळे कुठेतरी भलतीकडे असतात. मी पडले तरी मारते. मग एकदम थांबते आणि माझ्या मांडीत तोंड घालून झोपते. त्याचं काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही.

धाकट्याने गाल बघितला. "काय झालं?" मी म्हटलं, "पडले."

तुझी आई


३० एप्रिल

थोरल्या,

आता ये.

परवा सभागृह भरलं होतं. समिती पुढच्या ओळीत खुर्च्यांवर, मी बाजूच्या बाकावर, शिंपीण माझा हात धरून. कवायतीने धाकट्याला मारलं, त्याने मार घेतला. सुनेला ढकललं, प्लास्टरसकट ती पडली, उठली, पुन्हा गुडघ्यांवर बसली. लोक डोळे पुसत होते. मग तो भिंगरीसमोर वाकला. कापडाच्या काठीने तिच्या खांद्यावर मारलं. अगदी हलकं. जीव आहे त्याचा तिच्यावर.

ती उठली आणि तिने त्याच्या पोटात बुक्की घातली. तो वाकला तसं तिने डोकं घातलं. नाक मोडल्याचा आवाज मागच्या ओळीत गेला असेल. तो माणूस गुडघ्यांवर बसला, सात बोटं छातीशी धरली, आणि मार खाऊ लागला. शिटी गळ्यातच राहिली, तोंडात रक्त होतं त्याच्या. भिंगरी मारत होती. डोळ्यांवर, कानांवर, त्याची काठी उचलून डोक्यावर. कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटत होतं, हासुद्धा सरावच असेल.

मग धाकटा उठला. तिला दंडाला धरून ओढली आणि तिच्या थोबाडीत मारली. एक, आणि लगेच दुसरी, आणि उलट्या हाताने तिसरी. तू तो आवाज ओळखला असतास. मी बाकावर बसल्या जागी मान खाली घातली, इतक्या वर्षांनी. तुमच्या बापाचा हात होता तो, अगदी मनगटाच्या वळणासकट.

भिंगरी त्याच्या हातात लोंबत होती, आणि त्याने आपल्या तळव्याकडे पाहिलं.

मला वाटलं, झालं. आता कुणीच जात नाही. नियम तसा आहे.

अध्यक्षांनी समितीशी कुजबुज केली आणि उभे राहिले. म्हणाले, मुलीला पाठवता येणार नाही, दुःखाची गोष्ट आहे. मास्तर आणि बाई ठरल्याप्रमाणे जातील. कुणीतरी मागून विचारलं, "पण मास्तरांनीही हात उचलला ना?" अध्यक्ष म्हणाले, "छे छे. बापाने मुलीला शिस्त लावली. त्याला हात उचलणं म्हणत नाहीत."

शिंपिणीने इथे एक शब्द आपल्या मनाने लिहिला होता. मी तो खोडायला लावला. चांगला होता, पण समितीला नाही, तुला पत्र आहे.

संध्याकाळी धाकटा माझ्या पायाशी बसला. म्हणाला, "गाल पडून सुजला नव्हता ना, आई?"

"पडलेच होते," मी म्हटलं. "तिच्या हातून."

तो हसला नाही. म्हणाला, "दादाला बोलाव. तिला दादाकडे दे."

मी विचारलं, "ज्याने तुझे दात पाडले, त्याच्याकडे?"

"दादा मला मारून पळून गेला. तोंड दाखवायला परत आला नाही. मी मारलं, आणि आई, दुसऱ्या फटक्याला मला बरं वाटलं." मग म्हणाला, "मला नका पाठवू असं मी अध्यक्षांना सांगून आलो. ते म्हणाले, ही नम्रताच तर हवी आहे."

मी म्हटलं, "तू नाही म्हण. तुझे पाय तुझे आहेत." तो म्हणाला, "भिंगरीची आई एकटी जाईल मग." आणि गेली असती रे. भावाच्या मातीवरून तिची नजर हलत नाही.

काल गेले दोघं. सून भिंगरीचा मुका घ्यायला वाकली. भिंगरी गुडघे टेकून बसली आणि हात छातीशी धरले. सुनेने तिला उठवायचा प्रयत्न केला, पोर दगडासारखी. तेव्हा पहिल्यांदा मी त्या बाईचा चेहरा मोडलेला पाहिला. तरी ती गाडीत बसली. धाकटा मागे वळून बघत होता की नाही, मला सांगता येणार नाही, मी पोरीला बघत होते.

रविवारी मला वृद्धाश्रमाची गाडी न्यायला येते. तू शनिवारी पोच. आता नीट ऐक, शिंपिणीला म्हटलंय मोठ्या अक्षरात लिही.

ती तुला मारेल. पहिल्याच दिवशी मारेल. तू मोठ्याने बोललास, दार आपटलंस, डोक्यावरून हात फिरवायला म्हणून नुसता उचललास तरी मारेल. डाव्या बाजूने बोल, उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही, मागून आलास तर वाईट होईल. मारायला मी शिकवलं, थांबायला शिकवायला मला वेळ मिळाला नाही. ते तुझ्याकडे आलं. तिचे हात धरायचे नाहीत, ओरडायचं नाही, आणि गुडघे टेकून देवमाणूसही व्हायचं नाही, ते तिने पाहिलंय. माणसासारखं उभं राहायचं. तिचा दम सरेपर्यंत. मग ती झोपते, तेव्हा अंगावर पांघरूण घाल.

तुला जमेल की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्या आयुष्यात तू एकदाही उभा राहिलेला नाहीस. पण दुसरा कुणी नाही माझ्याकडे.

फाटक उघडंच असेल. हात खिशात घालून आत ये.

तुझी आई